पंचवीस गुणांचा अडाणी, सव्वीस गुणांचा तज्ज्ञ

सॉफ्टवेअर तपासून त्यातले दोष शोधणाऱ्या टेस्टरच्या नोकरीची ती जाहिरात कट्ट्यावरील प्रत्येकाने आपापल्या फोनवर आधीच वाचली होती, त्यामुळे श्रीरंगने ती पुन्हा मोठ्याने वाचून दाखवण्याचे काहीही कारण नव्हते. तरीही त्याने ती वाचली, आणि ‘संगणकशास्त्रातील पदवी अनिवार्य, आयएसटीक्यूबी प्रमाणपत्र असल्यास प्राधान्य’ या ओळीशी (आयएसटीक्यूबी म्हणजे टेस्टरांचे अभ्यासक्रम आणि परीक्षा ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) तो अशा समाधानाने थांबला, की ती अट त्याच्याच शिफारशीवरून घातली गेली असावी. टेस्टरच्या याच जागेसाठी दिगूने अर्ज केला होता आणि मुलाखतीचे बोलावणे न येताच त्याला नकार मिळाला होता. दिगूकडे पदवीही नाही आणि प्रमाणपत्रही नाही. आमच्यापैकी कोणीही नवे ॲप दाखवले, की ते पाच मिनिटांत बंद पाडण्याची हातोटी तेवढी त्याच्याकडे आहे.

श्रीरंगची ज्यांना ओळख नाही, त्यांना एवढेच सांगितले तरी पुरे, की त्याच्या ईमेलच्या तळाशी नावापुढे जोडलेली आद्याक्षरे बहुधा मूळ मजकुरापेक्षा लांब असतात. त्याच्या म्हणण्याचा आशय असा होता, की टेस्टिंग हा आता व्यवसाय झाला आहे आणि कोणत्याही व्यवसायाला प्रवेशाची काही अट असावीच लागते. १९९८ साली ब्रिटनमध्ये टेस्टिंगची फाउंडेशन, म्हणजे पायाभूत, स्तराची पहिली परीक्षा सुरू झाली, २००२ मध्ये आयएसटीक्यूबी स्थापन झाली, आणि त्यामुळेच माणसाच्या हातून घडते ती चूक, त्यातून कोडमध्ये राहतो तो दोष आणि तो कोड चालवल्यावर दिसतो तो बिघाड, असा भेद जगभरातील टेस्टर एकाच पद्धतीने करू लागले, हे त्याने आम्हाला पुन्हा एकदा ऐकवले. त्यात खोटे काही नव्हते. श्रीरंग सहसा खोटे बोलत नाही. तो खरे इतक्या वेळा बोलतो, की ते ऐकवत नाही.

“शब्द सर्वांचे एकच असावेत, हे मला मान्य आहे,” मृणाल म्हणाली. “परंतु अभ्यासक्रम आणि शब्दसूची ही दोन्ही त्यांच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट वाचायला मिळतात. पैसे भरावे लागतात ते आपण ती वाचली आहे, हे दुसऱ्याला पटवण्यासाठी.”

मृणालची पदवी इतिहासाची आहे आणि ती गेली अनेक वर्षे टेस्टिंग करते. ती बोलू लागली, की श्रीरंग आवाज चढवतो, हा या कट्ट्याचा जुना नियम आहे. त्याने लगेच डॉक्टरांचे उदाहरण पुढे केले: परवाना नसलेल्या माणसाकडून आपण शस्त्रक्रिया करून घेऊ का?

“डॉक्टरने घोडचूक केली, तर त्याचा परवाना रद्द होऊ शकतो,” ती म्हणाली. “तुझ्या फाउंडेशन प्रमाणपत्राची मुदत कधी संपत नाही. कितीही बग, म्हणजे दोष, तुझ्या नजरेखालून रिलीजमध्ये निसटले, तरी ते परत मागायला कोणी येणार नाही.”

यावर बापू मोठ्याने हसले. बापूंनी आयुष्यभर भरतीचे काम केले आहे आणि टेस्टिंगचे एकही काम कधी केलेले नाही, ही गोष्ट ते स्वतः अभिमानाने सांगतात. एका जागेसाठी शेकड्यांनी अर्ज येतात, ते वाचायला माणूस एकच असतो आणि त्या माणसाला टेस्टिंग समजत नाही. मग तो पदवी आणि प्रमाणपत्र यांची चाळणी लावणार नाही तर काय करणार, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. शिवाय काही ग्राहक निविदेतच विचारतात, की तुमच्याकडे प्रमाणित टेस्टर किती आहेत. “आणि खरे सांगू का,” बापू म्हणाले, “प्रमाणपत्र असलेला माणूस पुढे निकामी निघाला, तर मला कोणी बोल लावत नाही. प्रमाणपत्र नसलेला निकामी निघाला, तर सगळे मलाच विचारतात, की याला घेतला कोणी?”

मला विचाराल, तर संपूर्ण चर्चेतील सर्वांत मोलाचे वाक्य हेच होते, आणि ते बोलणाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता. प्रमाणपत्राची परीक्षा टेस्टर देतो, परंतु त्याचा आधार वाटतो तो टेस्टरची पारख नसलेल्या माणसाला. ज्याला उमेदवारासमोर एखादे सदोष ॲप ठेवून तासभर त्याचे काम पाहता येते, त्याला त्या कागदाची गरज क्वचितच भासते.

मृणालने मात्र तो मुद्दा तिथेच सोडून दुसरीकडून हल्ला केला. फाउंडेशनच्या अभ्यासक्रमात टेस्टिंगची सात तत्त्वे दिलेली आहेत आणि ती श्रीरंगला झोपेतही म्हणून दाखवता येतात. तिने त्याला ती एकेक करून म्हणायला लावली.

टेस्टिंगने दोष असल्याचे दाखवता येते, दोष नसल्याचे दाखवता येत नाही, हे पहिले तत्त्व त्याने सांगितले आणि हा विचार संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी १९६९ साली रोमच्या सॉफ्टवेअर परिषदेत मांडला होता, हेही जोडले. “छान. मग परीक्षा हीसुद्धा एक टेस्टच आहे ना?” मृणालने विचारले. “नापास झालेल्याला काय येत नाही, ते तिच्यातून कळेल. पास झालेल्याला सगळे येते, असे कोणत्या तत्त्वाने म्हणतोस?” पाचवे तत्त्व असे, की त्याच त्या टेस्ट वारंवार चालवल्या, की त्यांची धार जाते आणि नवे दोष सापडेनासे होतात, कीटकनाशकाला सरावलेल्या किडीवरून पूर्वी या तत्त्वाचे नावच पडले होते. सराव प्रश्नसंच पाठ करून बसणाऱ्या उमेदवारांना हे तत्त्व लागू का होऊ नये, याचे उत्तर श्रीरंगला देता आले नाही. संदर्भ बदलला की टेस्टिंग बदलते, या सहाव्या तत्त्वावर ती फार थांबली नाही. हृदयाच्या पेसमेकरचे सॉफ्टवेअर आणि मोबाइलवरचा खेळ तपासणाऱ्या दोघांना एकच प्रश्नपत्रिका द्यायची, एवढेच तिने नोंदवले. सातवे तत्त्व मात्र तिने चवीने उच्चारले: दोषरहित वस्तू उपयोगी असतेच असे नाही. एवढे बोलून तिने श्रीरंगकडे इतका वेळ रोखून पाहिले, की दिगूला ठसका लागला.

“प्रश्न चाळीस, वेळ साठ मिनिटे, उत्तीर्ण होण्यासाठी पासष्ट टक्के, म्हणजे २६ गुण,” ती पुढे म्हणाली. “आता तूच शिकवलेले सीमामूल्य विश्लेषण करू या. २५ गुणांचा माणूस अडाणी आणि २६ गुणांचा तज्ज्ञ. सीमेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या या दोन माणसांत प्रत्यक्ष कामाचा फरक कोणता, तो दाखव.”

प्रत्येक परीक्षेत कुठेतरी रेघ ओढावीच लागते, हे श्रीरंगचे उत्तर योग्य होते आणि ते मी येथे प्रामाणिकपणे नोंदवतो. मात्र त्यानंतर त्याने जेम्स बाख यांचा उल्लेख स्वतःहून केला, ही त्याची चूक झाली. शाळा अर्धवट सोडलेला हा माणूस १९८७ च्या सुमारास, विशीच्या आसपास असताना, ॲपलमध्ये टेस्टिंगचा व्यवस्थापक झाला. असे अपवाद दाखवून नियम मोडता येत नाहीत, असे श्रीरंगला म्हणायचे होते. मृणालने त्यावर सेम कॅनर यांचे नाव पुढे केले. त्यांची डॉक्टरेट प्रायोगिक मानसशास्त्रातील आहे, शिवाय ते कायद्याचेही पदवीधर आहेत, आणि टेस्टिंगवर त्यांच्याइतके लिहिणारे मोजकेच. एकाकडे शाळेचाही दाखला नाही, दुसऱ्याकडे पदव्यांची कमतरता नाही. तरीही या प्रमाणपत्रांवर कठोर टीका करण्यात दोघेही पुढे आहेत. “तेव्हा हे पदवीवाले विरुद्ध बिनपदवीवाले असे भांडण नाही,” ती म्हणाली. “ज्यांना काम करून पाहायचे आहे आणि ज्यांना कागद पाहून मोकळे व्हायचे आहे, त्यांच्यातले आहे.”

बोलणे भरकटण्याआधी ती प्रत्यक्ष चाचणीवर उतरली. ग्लेनफोर्ड मायर्स यांनी १९७९ साली टेस्टिंगवरील आपल्या पुस्तकात मांडलेला त्रिकोणाचा प्रश्न तिने पुढे ठेवला: एक प्रोग्राम तीन पूर्णांक घेतो आणि त्या लांबीच्या बाजूंचा त्रिकोण समभुज, समद्विभुज की विषमभुज, ते सांगतो. तुम्ही त्याला कोणते आकडे द्याल?

श्रीरंगने प्रथम तंत्राचे नाव सांगितले, मग त्याची व्याख्या, मग त्याचे प्रकार, आणि या साऱ्यानंतर ५, ५, ५; ५, ५, ८; ३, ४, ५ आणि शून्य असे आकडे दिले. दिगूने कोणतेच नाव घेतले नाही. त्याने १, २, ३ दिले, मग तेच आकडे क्रम बदलून दिले, मग दोनच आकडे दिले, मग चार, मग आकड्याच्या जागी अक्षर, मग एक ऋण संख्या, आणि शेवटी काहीही न लिहिता नुसते एंटर दाबले तर काय होईल, असे विचारले. अत्यंत कसलेल्या प्रोग्रामरनाही या प्रश्नात १४ पैकी सरासरी ७.८ च गुण मिळतात, असे मायर्स यांनीच लिहून ठेवले आहे. मृणालने आमच्या दोन उमेदवारांचे गुण जाहीर केले नाहीत, कारण त्याची गरज उरली नव्हती.

मात्र येथे श्रीरंगने संध्याकाळभरातील पहिला खरा ठोसा मारला. “१, २, ३ का दिलेस?” त्याने दिगूला विचारले. दिगूला कारण सांगता आले नाही. ते आकडे त्याला संशयास्पद वाटले, इतकेच. दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी असल्याशिवाय त्रिकोण होत नाही, आणि हे ठाऊक असले, की १, २, ३ या एका उदाहरणाऐवजी तशा उदाहरणांचे अख्खे कुळ हाती येते, हे श्रीरंगने नेमकेपणाने समजावून दिले. पुढे तो म्हणाला, की तिन्ही बाजू २०० कोटी दिल्या, तर त्रिकोण व्यवस्थित समभुज आहे. परंतु संगणकातील बत्तीस बिटांच्या, म्हणजे बत्तीस शून्य-एकांच्या जागेत बसणाऱ्या, पूर्णांकाची कमाल मर्यादा २१४,७४,८३,६४७ असल्यामुळे दोन बाजूंची बेरीज त्यात मावणार नाही, ती अनेकदा ऋण होऊन बसेल, आणि प्रोग्राम ‘हा त्रिकोणच नाही’ असे छातीठोकपणे सांगेल. हे दिगूला सुचले नसते, आणि ते त्याने तिथल्या तिथे कबूल केले. संगणकशास्त्राची पदवी मनापासून घेतलेल्या माणसाला यंत्राच्या पोटात काय चालते ते दिसते, आणि ते दिसल्याने त्याचा संशय योग्य ठिकाणी जातो. या मुद्द्यावर मी तरी श्रीरंगच्या बाजूने आहे. हे ज्ञान त्याला पदवीने दिले, प्रमाणपत्राने नाही, हे मृणालने लगेच लक्षात आणून दिले, आणि पदवीबाबत तिने पुढे फारसा वाद घातला नाही.

फारसा घातला नाही, म्हणजे थोडा घातलाच. ४ जून १९९६ रोजी पहिले एरियन-५ रॉकेट सुमारे चाळीस सेकंदांत नष्ट झाले, ते नेमके अशाच न मावणाऱ्या आकड्यामुळे: चौसष्ट बिटांची संख्या सोळा बिटांच्या पूर्णांकात कोंबली गेली. तो कोड एरियन-४ मधून जसाच्या तसा उचललेला होता आणि नव्या रॉकेटच्या उड्डाणमार्गावर त्या यंत्रणेची चाचणी झालेलीच नव्हती. “तिथे पदव्यांची वाण होती का?” मृणालने विचारले. “जुन्या जागी चालले म्हणजे नव्या जागीही चालेल, या गृहीतकावर कोणीतरी बोट ठेवायला हवे होते. इतिहासात आम्हाला पहिल्या वर्षीच हे शिकवले, की कागद हाती आला, की तो कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला आणि त्यात काय लिहायचे टाळले, हे आधी विचारावे. सॉफ्टवेअरच्या गरजांचा दस्तऐवजही कागदच असतो.”

गृहीतकांचा विषय निघाल्यावर २९ फेब्रुवारीचा विषय निघणे अटळ होते. अनेक वर्षांपूर्वी हे दोघे एकाच ठिकाणी कामाला असताना मृणालने एक बग नोंदवला होता: जन्मतारीख २९ फेब्रुवारी असलेल्या माणसाला तो नोंदणीचा फॉर्म पुढे जाऊच देत नसे. श्रीरंगने त्यावर ‘अत्यंत दुर्मीळ परिस्थिती, प्राधान्य शून्य’ असा शेरा मारून तो बंद केला. पुढे ज्या ग्राहकासाठी ते काम चालले होते, त्याच्या संचालकांचीच जन्मतारीख ती निघाली. ही कथा आम्ही असंख्य वेळा ऐकली आहे, तरी दर वेळी संचालकांच्या संतापाला नवी धार चढते. श्रीरंगचा बचावही ठरलेला आहे: तेव्हा तो प्रमाणित नव्हता. यावर बापूंनी विचारले, की मग प्रमाणपत्र मिळाल्यावर फेब्रुवारीचे दिवस मोजण्यात काही सुधारणा झाली का?

शेवटी दिगूने हताश होऊन विचारले, की आता मी परीक्षा द्यायची की नाही? सर्वांनी एकाच वेळी “दे” म्हटले, आणि त्यात मृणालचा आवाज सर्वांत मोठा होता. बापूंची चाळणी बदलेपर्यंत त्यातून पार पडण्यासाठी कागद घ्यावा, मात्र तो आपल्याला टेस्टर करील या भ्रमात राहू नये, असे तिचे मत पडले.

मग श्रीरंगने उत्साहाने फोनवर एक सराव प्रश्न उघडला. चार पर्यायांपैकी सर्वांत योग्य कोणता, या स्वरूपाचा तो प्रश्न होता. मृणालने ‘अ’ म्हटले आणि हे कोणत्या प्रकल्पात विचारता, त्यावर उत्तर अवलंबून आहे, असेही म्हटले. दिगूने पर्यायांमध्येच एक विसंगती शोधली. बापूंनी प्रश्न न वाचताच ‘ड’ सांगितले, आणि उत्तरतालिकेत ‘ड’ च होते.

“तुम्हाला कसे कळले?” श्रीरंगने थक्क होऊन विचारले.

“सर्वांत लांब पर्याय तोच होता,” बापू म्हणाले.

ही निव्वळ अटकळ आहे, हिला ज्ञान म्हणता येणार नाही, असे श्रीरंगने तावातावाने सांगितले. त्यावर, पूर्वानुभवावरून दोष कुठे असेल याचा अंदाज बांधण्याला तुमच्यात ‘एरर गेसिंग’ म्हणतात ना आणि ते अभ्यासक्रमात रीतसर तंत्र म्हणून दिले आहे ना, असे बापूंनी शांतपणे विचारले. ते दिले आहे, हे श्रीरंगला नाकारता येईना. तो कोणत्या प्रकरणात दिले आहे तेही सांगू लागला, परंतु हसण्याच्या गलक्यात प्रकरणाचा क्रमांक कोणालाच ऐकू आला नाही.