माझ्या बिस्किटाची चौकशी समिती

कालची गोष्ट. चार वाजता मीटिंग सुटली, डोकं भणभणत होतं, टेबलावर बिस्किटांचं फोडलेलं पाकीट पडलं होतं. एक उचललं. एक! अर्धं तोंडात, अर्धं हातात, तेवढ्यात मागून आवाज. "अगं, तू? तू तर पाकिटातलं काही खात नाहीस ना?"

हो, नाही खात. सहा महिने झाले. पोटाला बरं वाटतं म्हणून. कुणाला प्रतिज्ञापत्र लिहून दिलेलं नाही. जे रोज पाकीटच्या पाकीट फस्त करतात त्यांना कुणी हटकत नाही, आणि जरा सांभाळून खायला लागलेल्या माणसाच्या ताटावर मात्र सगळ्यांचा पहारा!

बरं, तिथेच थांबावं की नाही? नाही. महाशयांनी पाकीट उचललं. उलटं केलं. घडीखाली दडवलेली ती मुंगीच्या अक्षरातली यादी दिसेना, तर मोबाइलचा टॉर्च लावला. आणि एकेका ओळीवरून बोट फिरवत, आरोपपत्र वाचावं तसं, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचायला लागले. "इमल्सिफायर ३२२! ॲसिडिटी रेग्युलेटर ३३०! केमिकल आहे गं हे सगळं, केमिकल!"

३२२ म्हणजे लेसिथिन. अंड्याच्या बलकातही असतं. ३३० म्हणजे सायट्रिक ॲसिड, लिंबाचा आंबटपणा. आता पाकिटातलं सायट्रिक ॲसिड सहसा लिंबातून येत नाही, हे मलाही माहीत आहे. साखरेच्या पाण्यावर काळी बुरशी वाढवून ते काढतात. १९१७ साली जेम्स करी नावाच्या शास्त्रज्ञाने ती युक्ती दाखवली आणि तेव्हापासून कारखाने त्यावरच चाललेत. पण रेणू तोच. मग याला नैसर्गिक म्हणायचं की कारखान्यातलं? मी एवढंच विचारलं. उत्तर काय मिळावं? "तुझ्याशी बोलण्यात अर्थच नाही."

आणि "निसर्गातलं ते चांगलंच असतं" हे तर ऐकून ऐकून कान किटलेत. कडू बदामातून पोटात सायनाइड तयार होतं, ते कुठल्या कारखान्याने घातलं? राजमा नीट उकळला नाही तर ओकून ओकून जीव जाईल. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नसतो, त्यातून बोट्युलिझम नावाची जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते. निसर्गाला आपल्या पोटाची एवढी काळजी कधीपासून वाटायला लागली?

थांबा, आता कारखानदारांनी खूश होऊ नये. मी त्यांचीही नाही. २०१९ मध्ये केव्हिन हॉल यांच्या चमूने अमेरिकेत २० जणांना महिनाभर संशोधन केंद्रात ठेवून जेवू घातलं. दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं, दोन आठवडे साधं, आणि हवं तेवढं खा म्हणून मोकळीक. पाकीटवाल्या आठवड्यांत माणसं दिवसाला जवळपास ५०० कॅलरी जास्त खाऊन बसली. म्हणूनच तर मी सोडलं! पण हे सांगायला तोंड उघडलं की ऐकणाऱ्याची नजर घड्याळाकडे.

कळस पुढेच. एवढं प्रवचन झाल्यावर महाशयांनी खिशातून आपला "नॅचरल" बार काढला. मातकट रंगाचं वेष्टन, त्यावर हिरवं पान. मी पण टॉर्च लावला. सोडते की काय! खजुराचं सिरप, तांदळाचं सिरप, वाटाण्याचं प्रोटीन आयसोलेट, नॅचरल फ्लेवर. वाटाण्यातून नुसतं प्रोटीन वेगळं काढायचं यंत्र कुणाच्या ओट्यावर असतं? अन्नावर किती प्रक्रिया झाली ते बघून गट पाडणाऱ्या, ब्राझीलच्या कार्लोस मोंतेरो यांच्या 'नोव्हा' वर्गवारीत माझं बिस्किट चौथ्या, म्हणजे अतिप्रक्रियावाल्या गटात, आणि हा बारही तिथेच, मांडीला मांडी लावून. वर "साखर नाही" म्हणे! सिरपमधली, मधातली, रसातली साखर जागतिक आरोग्य संघटना साखर म्हणूनच मोजते. यावर तो म्हणाला, "पण ही नॅचरल आहे ना." डोकं आपटावंसं वाटलं. माझं नव्हे.

हा एकटा असता तर सोडून दिलं असतं. दुसऱ्या बाजूची पलटण आहेच. "एकाने काय होतंय?" वाल्या मावशी. "मग जगायचं तरी कशाला?" वाला मित्र. माझी थाळी बघून "आजारी आहेस का?" विचारणारी जाऊबाई, आणि नाही म्हटलं तरी "रिपोर्ट काय आले?" म्हणत मागे लागणारी. "आमची आजी सगळं खायची, नव्वदीपर्यंत ठणठणीत होती" वाले तर प्रत्येक पंगतीला एक. अहो, तुमच्या आजीच्या वेळी वाटाण्याचं आयसोलेट नव्हतं! आणि पाकिटामागे "एक सर्व्हिंग म्हणजे तीन बिस्किटं" छापणारा तो अज्ञात विनोदवीर, तो मला एकदा भेटायलाच हवा.

असो. प्रामाणिकपणे सांगायचं तर महाशयांना मी नावं ठेवते खरी, पण गेल्याच आठवड्यात दुकानात दह्याच्या कपाटासमोर वीस मिनिटं उभी होते. चष्मा कपाळावर, मोबाइल भिंग म्हणून डोळ्याला. तिथल्या मुलाने दोनदा विचारलं, "मॅडम, काही हरवलंय का?" योग्य खाण्याचं वेड लागण्याला स्टीव्हन ब्रॅटमन या डॉक्टरांनी १९९७ मध्ये 'ऑर्थोरेक्सिया' असं नाव दिलं. ते वाचलं तेव्हा मी घाईघाईने पान बदललं होतं.

आणि काल त्या भांडणानंतर? सगळे गेल्यावर मी पाकीट संपवलं. नऊ बिस्किटं. म्हणजे तीनच सर्व्हिंग. रागाच्या भरात चव कळलीच नाही, हे दुःख वेगळंच.

आज सकाळी माझ्या टेबलावर तो पानवाला बार. सोबत चिठ्ठी : "ट्राय तर कर." म्हटलं, कचऱ्यात टाकते. साडेतीनला भूक लागली. दाढेला चिकटतो मेला, पण बरा लागला. वेष्टन मी पर्समध्ये लपवून घरी आणलंय. त्याला सापडलं तर टॉर्च लावून दाखवेल.