पूर्वमुखी शटर

लातुरात घर बांधणाऱ्याला पाण्याची टंचाई पडू शकते, सल्ल्याची पडत नाही. 2016 साली आमच्याकडं मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. सल्ला आणायला तेव्हाही कुठं जावं लागलं नव्हतं. आमचं घर चाललं होतं तेव्हा वास्तूवाल्यानं बजावलं, गाडी ठेवायच्या गॅरेजचं दार पूर्वेलाच घ्या. पुण्याच्या थोरल्यानं फोनवरून बजावलं, पप्पा, साधं शटर अजिबात नको, रिमोटचं दार घ्या. घरात शांतता राहावी म्हणून दोघांचंही ऐकलं. एकानं दिशा दिली, एकानं मोटर दिली, आणि या दोघांचं एकमेकांशी जे वाकडं आहे ते मी आजतागायत निस्तरतो आहे.

दार तसं देखणं आहे. आडव्या फळ्या एकमेकींना बिजागऱ्यांनी जोडलेल्या, कडेला चाकं, चाकं रुळात. बटण दाबलं की सगळं वर सरकतं आणि छताखाली आडवं होऊन पडतं. छताला मधोमध मोटरची पेटी, तिच्यापासून दारापर्यंत लोखंडी पट्टी, पट्टीवरून साखळी. गल्लीत मात्र सगळे त्याला शटरच म्हणतात. गंजगोलाईतल्या दुकानांना जे असतं ते शटर आणि आमचं तेही शटर. फरक एवढाच की दुकानदार हातानं ओढतो तर त्याचं लगेच मिटतं.

मोटरवाली कल्पना अमेरिकेची. इंडियाना राज्यातल्या सी. जी. जॉन्सन नावाच्या गृहस्थानं 1921 मध्ये वर सरकणारं दार काढलं आणि 1926 मध्ये त्याला मोटर बसवली. तिकडं बाहेर बर्फ असतं, गाडीतून उतरायचा माणसाला कंटाळा येतो, हे समजण्यासारखं आहे. आमच्याकडं मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीसचं ऊन असतं, तेव्हाही उतरायचा कंटाळाच येतो. म्हणजे थोरल्याचं अगदीच काही चुकलं नाही. पण जॉन्सनसाहेबांनी सोयाबीनच्या मळणीचा भुसा, पाली आणि आमच्या डीपीवरचं व्होल्टेज यांचा विचार केला नसावा, आणि त्यांच्यानंतर कुणी केला असल्याची खूण मला त्या पेटीत सापडलेली नाही.

पहिली तक्रार मायनं केली. आवाजाची. आमच्या भागातल्या माणसाला घरघर नुसती ऐकू येत नाही, अंगात शिरते. 30 सप्टेंबर 1993, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट, तीन वाजून छप्पन्न मिनिटं. किल्लारीचा तो भूकंप ज्यांनी अनुभवला त्यांच्या घरात रात्री साधं कपाट जरी सरकलं तरी माणसं अंगणात जातात. धाकटा एकदा रात्री उशिरा गाडी घेऊन आला, साखळी कोरडी, दार गडगडत वर गेलं आणि माय पांघरुणासकट तुळशीजवळ. तिनं तिथूनच निकाल दिला, “एक तर ते शटर ऱ्हाईल, नाही तर मी.”

तेल घालणं भाग होतं. त्यासाठी मोटरसायकलचं काम करणाऱ्या पोराला बोलावलं. त्यानं उत्साहानं रुळांत काळं ग्रीस चोपडलं. आवाज बंद झाला, पण पंधरवड्यात त्या ग्रीसवर गल्लीतला सगळा भुसा, मुंग्या आणि एक पतंग असं पुरणासारखं घट्ट बसलं आणि चाकं त्यात रुतायला लागली. रुळांत काहीच घालायचं नसतं, ते फक्त फडक्यानं पुसायचे असतात; चाकांच्या आसाला, बिजागऱ्यांना आणि स्प्रिंगला सिलिकॉनचा फवारा पुरतो. हे त्या पोराला सांगितलं तर तो म्हणाला, “सर, ग्रीस वाईट हाय असं मी आज पयल्यांदा ऐकायलोय.”

लोडशेडिंगचं कौतुक फार सांगत नाही. पट्टीवरून एक लाल दोरी लोंबते, लाईट नसली की ती ओढायची, साखळीचं आणि दाराचं नातं सुटतं, मग दार हातानं उचलायचं. एवढं जड दार एका हातानं उचललं जातं हे पाहून पाहुणे माझ्याकडं आदरानं बघतात. वजन वरची पिळाची स्प्रिंग उचलत असते. मी ते सांगायच्या भानगडीत पडत नाही. दोरी फक्त दार मिटलेलं असताना ओढायची. उघड्या दाराची ओढली आणि त्याच वेळी स्प्रिंग तुटलेली असली, तर दार अंगावर कोसळतं.

बल्बचं एक प्रकरण मात्र मजेशीर झालं. पेटीतला दिवा गेला म्हणून बाजारातला सगळ्यात स्वस्त एलईडी लावला, तर रिमोट चालेना. अगदी मोटरखाली जाऊन, हात वर करून दाबला तरच चाले. सेल बदलला, रिमोट आपटून पाहिला, शेवटी धाकट्यानं बल्ब काढला आणि रिमोट पुन्हा कोपऱ्यावरून चालायला लागला. स्वस्त एलईडीतलं सर्किट रेडिओलहरींचा असा काही गोंगाट करतं की रिमोटची हाक मोटरपर्यंत पोचतच नाही. बल्ब आता देवघरात आहे. तिथं त्याच्या गोंगाटाची कुणाला अडचण नाही.

खरी लढाई दिवाळीनंतर सुरू झाली. दार उघडायचं, पण मिटायचं नाही. टीचभर खाली यायचं, थबकायचं, दिवा लुकलुकायचा आणि परत वर. तेही फक्त सकाळी. मिस्तरी लोक “सकाळी येतो” म्हणून बारा वाजता येतात हे जगाला माहीत आहे. बाराला दार मुकाट वरखाली जायचं आणि मिस्तरी माझ्याकडं अशा नजरेनं बघायचा की निवृत्तीनंतर सरांना वेळ जाईना झालाय.

तरी निदान प्रत्येकानं केलं. शेजारचे मामा महावितरणच्या बाजूनं विचार करणारे. त्यांचं म्हणणं, सकाळी शेतीपंपांचा लोड असतो, व्होल्टेज पडतं. पंपाचं वाइंडिंग करणारा म्हणाला, कंडेन्सर गेलाय. आमच्याकडं पंखा, कूलर, पंप, मिक्सर काहीही बंद पडलं तरी कंडेन्सरच जातो. कंडेन्सर गेला असता तर मोटर जागच्या जागी गुरगुरली असती, दार वर तरी कसं गेलं असतं? पण त्यानं बदलला, पैसेही घेतले, आणि दुपारी दार व्यवस्थित चालल्यामुळं त्याची बाजू सिद्धही झाली. दार ज्यांच्याकडून घेतलं त्यांना फोन लावला. एका मुलीनं गोड आवाजात, दारासमोर काही वस्तू आहे का, असं विचारलं. मी नाही म्हणालो. ती म्हणाली, नीट बघा. मी बघितलं. समोर लातूर होतं.

प्रश्न मात्र तिनं बरोबर विचारला होता. दाराच्या दोन्ही चौकटींना आतून, जमिनीपासून सहा इंचांवर, समोरासमोर दोन डोळे बसवलेले असतात. एक न दिसणारा किरण फेकतो, दुसरा झेलतो. किरण तुटला की दार समजतं, खाली कुणीतरी आहे, आणि उतरायचं नाकारतं. तिकडं अशा दारांखाली लहान मुलं सापडून दगावली, म्हणून 1 जानेवारी 1993 पासून अमेरिकेत घरगुती दारांच्या मोटरला असली काहीतरी राखण असणं कायद्यानं सक्तीचं झालं. म्हणून हे दार भित्रं आहे ते बरंच आहे. कोळ्याचं जाळं, पालीचं शेपूट, वाळायला ठेवलेली चप्पल, कशालाही ते मूल समजतं. मी डोळे पुसले, चौकटी झाडल्या, दोन्हींची तोंडं दोरी लावून सरळ केली. दुपारी काम फत्ते. दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच.

अशात येळवस आली. ज्यांना आमची वेळाअमावस्या ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: त्या दिवशी लातुरात संचारबंदी लागल्यासारखे रस्ते ओस असतात, कारण झाडून सगळं शहर शेतात गेलेलं असतं. कडब्याची कोप म्हणजे खोपटी, तिच्यात पांडव म्हणून पुजायचे चुना लावलेले दगड, भज्जी, बाजरीची भाकरी, गव्हाची खीर, आणि मडक्यातली आंबील. ज्याला शेत नाही त्याला कुणाच्या तरी शेताचं आवतण असतंच. चोरांनाही असत असावं, पण त्याची खात्री कोण देणार?

आमचं शेत औशाकडं. सकाळी आठच्या सुमारास गाडी बाहेर काढली. मागच्या सीटवर माय, मांडीवर आंबिलीचं मडकं. आमच्या हिच्या पायाशी भज्जीचं पातेलं. मी रिमोट दाबला. दार थोडं उतरलं आणि पंगतीतून रुसून उठलेल्या व्याह्यासारखं माघारी गेलं. परत दाबला. परत तेच. गल्लीत चिटपाखरू नाही. मामासुद्धा पहाटेच गेलेले, म्हणजे व्होल्टेजवर बोलायलाही कुणी नाही.

“अहो, आंबील उतू चाललीय,” ही म्हणाली.

“आरं, अमावास्या हाय,” माय म्हणाली. “काही न बांधता कसं मिटंल?” तिनं मडकं सुनेच्या हवाली केलं, पिशवीतून लिंबू आणि मिरच्या काढल्या (त्या कशाला आणल्या होत्या हे मी विचारलं नाही) आणि खाली उतरून दाराच्या उजव्या चौकटीपाशी लिंबू ठेवायला वाकली. “दाब आता.”

मी दाबला. दार उतरायला लागलं. थेट, न अडखळता.

माय समाधानानं गाडीकडं वळली. ती दोन पावलं सरकली आणि दार कमरेइतक्या उंचीवरून परत वर.

“लिंबू हाललं का?” मायनं विचारलं.

मी चौकटीकडं बघत होतो. डोळ्याच्या काळ्या भिंगावर ऊन चमकत होतं. आता तिथं माय नव्हती, म्हणून सावली नव्हती. तिला म्हटलं, “माय, जरा होती तशी उभी ऱ्हा.” ती उभी राहिली. तिच्या लुगड्याची सावली भिंगावर पडली आणि त्याच्या बाजूचा मिणमिणता हिरवा दिवा ठळक झाला. रिमोट दाबला. दार पूर्ण खाली टेकेपर्यंत मी तिला हलू दिलं नाही. शेतात पोचल्यावर पाहुण्यारावळ्यांना लिंबाची गोष्ट तिनं सांगितली. सावलीची मी सांगितली. लिंबाची जास्त चालली.

कारण एकदा कळल्यावर उजेडच उजेड. दार पूर्वेला. झेलणारा डोळा उत्तरेच्या चौकटीला, म्हणजे त्याचं तोंड दक्षिणेकडं. 22 डिसेंबरच्या सुमारास सूर्य दक्षिणेच्या टोकाला गेलेला असतो, आग्नेयेकडून उगवतो, आणि सकाळचं तिरपं ऊन उघड्या दारातून थेट त्या भिंगात घुसतं. एवढ्या झगमगाटात समोरच्या डोळ्याचा बिचारा किरण त्याला दिसायचा कसा? दुपारी ऊन डोक्यावर, म्हणून मिस्तरीसमोर दार साळसूद. वास्तूवाल्यानं लक्ष्मीला पूर्वेकडून बोलावलं होतं, तिच्याआधी सूर्यनारायण आत आले.

थोरल्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, सोपं आहे पप्पा, दोन डोळ्यांची अदलाबदल करा. वायरमननं केली. आता झेलणारा दक्षिणेच्या चौकटीला, सूर्याकडं पाठ. संक्रांत, शिवरात्र, पाडवा, दार कसं लोण्यासारखं. मे लागला आणि सकाळी परत दिवा लुकलुकायला लागला. सूर्य उत्तरायणात सरकून ईशान्येकडून उगवत होता आणि आता उत्तरेकडं तोंड केलेल्या भिंगात बरोबर शिरत होता. पंचांगाप्रमाणं वर्षातून दोनदा वायरमन बोलावणं मला काही परवडणारं नाही.

उपाय निघाला तो शेतातल्या अडगळीतून. पाइपलाइनच्या कामातून उरलेला एक इंची पीव्हीसी पाइपचा टीचभर तुकडा, आतून काळा रंग मारून भिंगासमोर नळीसारखा बसवला. समोरचा किरण सरळ येतो तो आत जातो, तिरपं ऊन नळीच्या भिंतीवर आपटतं. खर्च शून्य. मामा येऊन पाहून गेले, म्हणाले, “बघा, पाइप लावल्यावर व्होल्टेज सुधारलं.”

आता महिन्यातून एकदा दाराची परीक्षा असते. दाराखाली दीड इंच जाडीची फळी आडवी ठेवायची आणि बटण दाबायचं. दार फळीला टेकताच परत वर गेलं पाहिजे. फळी दाबत बसलं तर मोटरचा जोर कमी करायचा. या कार्यक्रमाला गल्लीतली पोरं प्रेक्षक म्हणून येतात. फळीऐवजी आपलं दप्तर ठेवावं अशी त्यांची फार दिवसांची मागणी आहे, विशेषतः प्रगतिपुस्तक आत असलं की.

चिंता उरली आहे ती स्प्रिंगची. साधारण दहा हजार वेळा उघडमीट झाली की ती तुटते, आणि ती बदलणं हे घरच्या माणसाचं काम नाही. तिच्या पिळात इतका जोर कोंडलेला असतो की पीळ देताना निसटलेली सळई हात मोडते. दिवसाला चार वेळा धरलं तर सात वर्षं निघायला हवीत, असा हिशेब मी वहीत मांडून ठेवला होता. परवा नात सुट्टीला आली. तिनं रिमोट हेरला, मैत्रिणी गोळा केल्या आणि प्रत्येकीला एकेक पाळी दिली. नवा हिशेब पोळ्यापर्यंतचा निघतो आहे.