भिंत कसली आहे?

बायकोच्या आजीची पितळी भांडी आमच्याकडे आली आणि दोन वर्षं पलंगाखाली राहिली. एक घागर, दोन उभे डबे, एक पानाचा डबा, आणि ज्याचं नाव सांगू शकणारी पिढी आता हयात नाही असं एक भांडं. यंदा दिवाळीच्या आत ती हॉलमध्ये फळीवर दिसली पाहिजेत, असं फर्मान निघालं. सुतार आला, भिंतीकडे बघून मान हलवली आणि म्हणाला, "चार भोकं पडतील. पाचशे होतील."

भोक म्हणजे काय, तर जिथे काही नाही अशी जागा. काही नसण्याचे सव्वाशे रुपये, तेही नगाप्रमाणे, मी देणार नव्हतो. इथेच नाशिकमध्ये, सातपूरला राहणाऱ्या मेहुण्याकडून मी ड्रिल मशीन आणलं. खोक्यावर छापलं होतं: मिनिटाला ३,००० फेरे आणि ४८,००० ठोके. एवढे आकडे वाचल्यावर भिंतीची दया आली.

मशीन होतं, पण पुढे लावायची भोक पाडणारी दांडी, म्हणजे बिट, नव्हता. रविवार कारंजाजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो.

"बिट द्या."

"कशासाठी?"

"भोक पाडायला."

"कशात भाऊ?"

"भिंतीत."

"भिंत कसली आहे?"

"आमचीच आहे."

शेठनी चष्म्यावरून पाहिलं. "तसं नाही. विटेची, काँक्रीटची, का ब्लॉकची?"

ज्या भिंतींचे हप्ते मी वीस वर्षं भरले, त्या कशाच्या आहेत हे मला माहीत नव्हतं. शेठनीच उलटतपासणी घेतली. बिल्डिंग कधीची? १९९८ ची. मग लाल वीट असणार. नव्या स्कीममध्ये असता तर राखेची करडी वीट निघाली असती. एकलहऱ्याला कोळशावर वीज तयार होते, तिथली राख अशी आपल्या भिंतींत येऊन बसते. आणि पांढरे हलके ब्लॉक असतील तर ठोके मारायचेच नाहीत, नुसतं फिरवायचं, नाहीतर भोकाचा हौद होतो. एवढं सांगून शेठ नळाच्या गिऱ्हाइकाकडे वळले आणि मला म्हणाले, "त्या खणातून आठ एमेमचा घ्या."

त्या खणात मी हात घातला. आतले बिट मळकट, राखाडी. टोकाला कौलारू छपरासारखा एक तुकडा डकवलेला, तोही खालच्या दांडीपेक्षा किंचित रुंद, म्हणजे मापातही चूक! मी दुधी नखाने टोचून घेणारा माणूस. अंगठा फिरवून पाहिला, तर धार म्हणून नाही. शेजारच्या खणात मात्र लखलखीत, अणकुचीदार, अंगठ्यावर ओरखडा उठवणारे बिट होते. बोथट माल कोणाच्या गळ्यात मारतात ते मला कळतं. मी लखलखीत घेतला. वर भोकात बसून स्क्रू धरणाऱ्या, आठच्याच प्लास्टिकच्या गिट्ट्या आणि दोन इंची स्क्रू.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "अहो, स्विचबोर्डाच्या सरळ वर नका पाडू. वायरी तिथूनच वर गेलेल्या असतात." मी म्हटलं, एवढं मला कळतं, आणि फुली सहा इंच डावीकडे सरकवली.

मशीनच्या तोंडात, म्हणजे चकमध्ये, बिट घालून चावीने आवळला. मशीनच्या डोक्यावर एक खटका होता. एका बाजूला बिटाचं चित्र, दुसऱ्या बाजूला हातोडीचं. हातोडी वेगळी विकत मिळत असावी, अशा समजुतीने मी खटका बिटाकडेच ठेवला. सुरू केलं. अर्धा इंच बिट असा आत गेला, की मी बायकोला हाक मारून बोलावलं. ती आली आणि बिट थांबला. फिरत होता, आवाज येत होता, पण पुढे सरकत नव्हता. सरकारी फाईलसारखा. मी जोर लावला, मग खांदा लावला, मग स्टुलावर चढून सगळं वजन घातलं. जळका वास सुटला. बाहेर काढलं तर टोक निळं पडलेलं आणि धार गुळगुळीत. ज्या टोकावर मी भाळलो होतो ते दीड मिनिट टिकलं.

तेवढ्यात बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे अप्पा. दुपारची झोप मोडल्याची तक्रार घेऊन आले होते, पण माझ्या हातातला बिट पाहिल्यावर ती विसरले. अप्पांनी अंबडच्या कारखान्यात टूलरूममध्ये ३२ वर्षं काढलेली. चुकीचं हत्यार दिसलं की त्यांची झोप आपोआप उडते.

"अरे, हा लोखंडाचा बिट!"

"लोखंडाचाच असणार ना, अप्पा."

"लोखंडाचा म्हणजे लोखंडात भोक पाडायचा. तू पहिला अर्धा इंच गेलास तो गिलावा होता, बाबा. पुढे वीट लागली."

मग अप्पांनी मला गॅलरीत नेलं. आमच्या इंदिरानगरच्या गॅलरीतून पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो. "ती चोवीस लेणी कशाने कोरली?" त्यांनी विचारलं. छिन्नी-हातोडीने, मी म्हणालो. "बरोबर. काळा दगड, दोन हजार वर्षांपूर्वी. दगड धारेने कापला जात नाही, तो फोडावा लागतो. छिन्नी ठेवायची, हातोडा मारायचा, छिन्नी जरा फिरवायची, पुन्हा हातोडा. तुझं मशीन तेच करतं, फक्त लवकर. भिंतीच्या बिटाला धार हवी कशाला? ठोके सोसणारं कडक टोक हवं. ते छपरासारखं असतं ना, ते टंगस्टन कार्बाइड. दांडी साधी पोलादी. टोक रुंद अशासाठी, की दांडी भोकात घासू नये आणि भुगा बाहेर यायला जागा राहावी."

म्हणजे ज्या गुणांमुळे मी तो बिट नाकारला, ते सगळे गुणच होते. (आमच्या लग्नाच्या वेळी सासरेबुवांनीही असंच काहीसं माझ्याबद्दल म्हटलं होतं, फक्त उलट दिशेने.)

मी पुन्हा रविवार कारंजाला. शेठनी काही न बोलता तोच खण उघडून दिला. त्यांचा चेहरा बघता, माझ्यासारखे दिवसाला दोन-तीन येत असावेत.

आता काम अप्पांच्या देखरेखीखाली आलं. चकची चावी चकच्या एकाच भोकात फिरवली म्हणून पहिली बोलणी खाल्ली. तिन्ही भोकांत आवळायची, नाहीतर बिट तिरका बसतो. गिट्टी चाळीस एमेमची, म्हणून टोकापासून पन्नास एमेमवर बिटाला चिकटपट्टी गुंडाळली. पट्टी भिंतीला टेकली की थांबायचं. खटका हातोडीकडे. सुरुवात हळू. भुग्याची काळजी बायकोने मिटवली: एका लग्नपत्रिकेचं पाकीट तोंड उघडं ठेवून फुलीखाली चिकटवलं. कोणाचं लग्न ते आठवत नाही, पण पाकिटाचा एवढा उपयोग आहेराला झाला नव्हता.

आणि भोक पडलं! आधी करडा भुगा, मग लाल. "लाल आला म्हणजे विटेत गेलास," अप्पा म्हणाले. मधेमधे बिट बाहेर काढून भुगा झटकायला लावला. टोक तापलं तर पाण्यात बुडवायचं नाही, कार्बाइड तडकतं. फार तापलं तर झाळ सुटून टोक आतच राहतं. गिट्टी बोटाने अर्धी गेली, हातोडीच्या दोन टिचक्यांत पूर्ण बसली. १९५८ साली आर्टुर फिशर नावाच्या जर्मन माणसाने ही फुगणारी प्लास्टिकची गिट्टी काढली, हे अप्पांनीच सांगितलं. त्याआधी भिंत टोचून लाकडी गुटका ठोकायचे. त्याच्याही आधी, आमच्या भद्रकालीतल्या वाड्यात, काहीच ठोकायचे नाहीत. भिंत बांधतानाच कोनाडे ठेवलेले असायचे. फळी आधी, भिंत नंतर. आजीच्या घागरीने आजवर ड्रिलचा आवाज ऐकला नसेल.

दुसऱ्या भोकात बिट विटेवरून घसरून सांध्यात शिरला. वीट पक्की, सांध्यातला माल भुसभुशीत. क्षणात आठचं भोक चौदाचं झालं. गिट्टी आत टाकली तर ती तळाशी जाऊन आडवी झाली, जणू पलंगाखाली परत गेली. ती चिमट्याने काढली, भोकात पांढरं सिमेंट भरून पुन्हा गिट्टी खोवली आणि काम उद्यावर ढकललं. अप्पा खाली जाऊन झोपले.

रविवारी तिसरं भोक इतकं सुरेख पडलं, की मी ते बायकोला, अप्पांना आणि दूधवाल्यालाही दाखवलं. चौथं खिडकीच्या वरच्या कोपऱ्यालगत. तिथे करडा भुगा येतच राहिला, लाल काही येईना. "लिंटेल," अप्पा गंभीरपणे म्हणाले. खिडकीवरची काँक्रीटची पट्टी खिडकीपाशी संपत नाही, दोन्हीकडे जरा पुढे भिंतीत जाते. रेटत राहिलो. इंचभर गेल्यावर खट्ट! मशीनला असा झटका बसला, की मनगट माझं आहे का मेहुण्याचं, हे कळेना. आत सळई. इथे मात्र तो पहिला लखलखीत बिट चालला असता, असं मी म्हटलं. अप्पांनी उत्तर दिलं नाही. सळई कापायची नसते, एवढंच सांगून त्यांनी ब्रॅकेट दोन बोटं खाली घ्यायला लावला. खाली घेतल्यावर त्याच ब्रॅकेटचं तिसरं सुरेख भोकही वाया गेलं. चार भोकांची फळी सहा भोकांत बसली.

फळी उजवीकडे दोन बोटं खाली आहे. आल्या-गेल्याला ती मुद्दाम तशी केल्यासारखी वाटावी म्हणून बायकोने भांडी उंचीप्रमाणे लावली आहेत: डावीकडे पानाचा डबा, मग ते अनामिक भांडं, मग दोन डबे, आणि उतारावर शेवटी, भिंतीला टेकवून, घागर.

मशीन परत केलं, तेव्हा त्यात आठचा बिट तसाच आवळलेला होता, कारण चकची चावी सापडली नाही. पलंगाखाली पाहिलं, लग्नपत्रिकेच्या पाकिटात पाहिलं, अप्पांकडेही विचारलं. परवा वाऱ्याने दार आपटलं आणि घागरीत काहीतरी खुळखुळलं. भोकं पाडताना ती स्टुलाशेजारीच होती, तोंड वर करून. बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी फळीकडे पाहिलं. घागर उतरवायची म्हणजे आधी दोन्ही डबे उतरवायचे, आणि सिमेंटातल्या त्या गिट्टीवर तेवढ्या हालचालीचा भरवसा आम्हा दोघांनाही नाही.

मेहुण्याला कळवलंय, चावी शोधतोय.