कार्ड घेण्याआधी ओबीएसची ती छोटी खिडकी उघडा

गेल्या महिन्यात कराडहून ताईचा फोन आला. भिशी लागली आहे, भाच्याला ग्राफिक कार्ड हवंय, ३०,००० रुपये देऊन टाकू का? तो ओबीएस नावाच्या सॉफ्टवेअरमधून यूट्यूबवर गेम लाइव्ह करतो आणि स्ट्रीम सारखी अडकते. दुकानदार म्हणाला, गेमिंग म्हणजे कार्ड, ते बदलल्याशिवाय काही होणार नाही. मी म्हटलं, "ताई, शनिवारपर्यंत पैसे कपाटातच ठेव. मी येतो."

मी एवढं ठामपणे बोललो त्यामागे २०२१ सालची जखम आहे. क्रिप्टोच्या मायनिंगमुळे कार्डांचे भाव आभाळाला भिडले होते. तरीही पुण्याच्या तापकीर गल्लीत चकरा मारून, कितीतरी जास्त पैसे मोजून मी आरटीएक्स ३०६० कार्ड घेतलं आणि जुन्या आय५-७४०० प्रोसेसरच्या मशीनला लावलं. चार कोर, म्हणजे काम करणारे चार हात, आणि चार थ्रेड, म्हणजे एका वेळी चारच कामं. घरी येऊन जीटीए चालू केला, गाडी शहरात वेगात घातली आणि पहिल्याच वळणावर तोच जुना झटका. नवं कार्ड निम्म्या ताकदीवर बसून होतं आणि प्रोसेसर धापा टाकत होता. माझ्या कष्टाचे पैसे होते ते. ताईच्या भिशीचं तसं होऊ द्यायचं नव्हतं.

भाच्याचं मशीन वाईट नाही. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, जीटीएक्स १६५० कार्ड, आठ जीबी रॅम. खेळतो व्हॅलोरंट आणि जीटीएचं रोलप्ले. त्याला म्हटलं, नेहमीसारखी स्ट्रीम सुरू कर, अर्धा तास खेळ, मी शेजारी बसतो. ओबीएसमध्ये स्टॅट्स नावाची खिडकी असते, ती उघडून ठेवली. वर्षभर स्ट्रीम करणाऱ्या पोराने ती एकदाही पाहिली नव्हती.

त्या खिडकीत तीन ओळी नीट वाचायच्या. पहिली रेंडरिंग लॅगची. ती वाढली तर ग्राफिक कार्ड गेममध्ये इतकं अडकलंय की ओबीएसला चित्र जुळवायला वेळच मिळत नाही. दुसरी एन्कोडिंग लॅगची. चित्र तयार आहे, पण त्याचा व्हिडिओ बनवणारा मागे पडतोय. तिसरी नेटवर्कची. व्हिडिओ तयार आहे, पण अपलोड पुरत नाही. प्रेक्षकाला तिन्ही वेळी दिसतं एकच, चित्र अडकतंय. औषधं मात्र तीन वेगळी, आणि तिसऱ्या दुखण्यावर ग्राफिक कार्डाचा काडीचाही उपयोग नाही.

त्याच्याकडे नेटवर्क साफ होतं. एन्कोडिंग लॅग १७ टक्के. सेटिंग उघडलं तर एन्कोडर एक्स२६४, म्हणजे व्हिडिओ बनवायचं काम प्रोसेसरवर, आणि प्रीसेट, म्हणजे वेग आणि दर्जाचा ठरलेला पर्याय, "फास्ट", जो नावाने फास्ट पण प्रोसेसरला जड. कुठल्यातरी व्हिडिओत ऐकून चित्र चांगलं दिसावं म्हणून त्याने तो लावला होता. सहा कोरांनी गेमही चालवायचा आणि १०८० पी, ६० फ्रेमचा व्हिडिओही त्या प्रीसेटवर बनवायचा, हे जमणार नाही. एनव्हिडियाच्या कार्डात याच कामासाठी एनव्हेंक नावाचा वेगळा भाग असतो. मूळ १६५० मधला जुन्या पिढीचा आहे, १६५० सुपरमध्ये नवा आला, पण जुनाही हे काम आरामात पेलतो. एन्कोडर बदलला आणि ती ओळ शून्यावर आली. खर्च शून्य.

रेंडरिंग लॅग उरला. जीटीएमध्ये कार्ड ९९ टक्क्यांवर होतं, कारण फ्रेम रेटला, म्हणजे सेकंदाला किती चित्रं काढायची त्याला, लगामच नव्हता. मॉनिटर ७५ हर्ट्झचा आणि कार्ड सगळी ताकद लावून शंभरच्या वर फ्रेम काढायला धडपडतंय. ६० वर कॅप, म्हणजे मर्यादा, लावली, ओबीएस अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू केलं. त्याने विंडोज ओबीएसला कार्डाचा वेळ आधी देतं. हीही ओळ जवळपास थांबली.

मग मी टास्क मॅनेजर उघडला. रॅम ९४ टक्के भरलेली, स्लॉट चारपैकी एकच वापरात, आणि स्पीड २१३३. कॅबिनेट उघडून रॅमची काडी हातात घेतली तर स्टिकरवर ३२००. बायॉसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, रॅम पूर्ण वेगाने चालवणारं एक्सएमपी कुणी चालूच केलं नव्हतं. दोन वर्षं त्या काडीने कमी वेगात काम केलं. शिवाय एकच काडी म्हणजे सिंगल चॅनल, दोन रस्त्यांऐवजी एकाच रस्त्याने ये-जा, आणि रायझनला ते फार जाणवतं. मध्येच जे गचके बसतात ते बरेचदा इथून येतात.

म्हणून आमची पहिली खरेदी आठ जीबीची दुसरी काडी. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेत हे मला माहीत आहे, तरीही. गेम, ओबीएस, क्रोम आणि डिस्कॉर्ड आठ जीबीत एकत्र नांदत नाहीत.

दुसरी खरेदी प्रोसेसर, आणि यावर भाचा माझ्याशी खूप भांडला. "मामा, प्रोसेसर तर चाळीस टक्केच वापरला जातोय!" हा आकडा भल्याभल्यांना फसवतो. तो बारा थ्रेडचा मिळून असतो. गेमचं मुख्य काम एका-दोन थ्रेडवर चालतं, ते भरले तरी एकूण आकडा चाळीसच दिसतो. मी त्याला साधी परीक्षा करायला लावली. व्हॅलोरंटची कॅप काढ आणि रेझोल्यूशन १०८० वरून ७२० कर. कार्डाचं ओझं निम्म्याहून कमी झालं. फ्रेम वाढल्या असत्या तर कार्ड दोषी. दोन-चारचा फरक पडला, बाकी तेवढ्याच, म्हणजे अडथळा प्रोसेसरचा. तो गप्प झाला. कोणता भाग मशीनला मागे खेचतोय ते सांगणारी इंटरनेटवरची "बॉटलनेक कॅल्क्युलेटर" कृपा करून विसरा, तुम्ही कोणता गेम कसा खेळता हे त्यांना माहीत नसतं. ही परीक्षा दोन मिनिटांची आहे.

एएम४ सॉकेटचं, म्हणजे या बोर्डावरच्या प्रोसेसरच्या खाचेचं, मोठेपण इथे कळतं. त्याच बोर्डवर रायझन ७ ५७००एक्स बसतो, आठ कोर, आणि ३६०० सारखाच ६५ वॉटचा. डब्यात कूलर येत नाही, पण जुनाच त्यावर बसतो. मात्र जुना प्रोसेसर काढण्याआधी बायॉस अपडेट हवा, नाहीतर बोर्ड नव्याला ओळखणार नाही. पेन ड्राइव्हवरून अपडेट चालू असताना ताई इन्व्हर्टरजवळ उभी होती, लाईट गेली तर बोर्डही जाईल म्हणून. आणि कूलर काढताना सरळ वर ओढू नका. कूलर आणि प्रोसेसरमधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळलेली असते, प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. आम्ही दहा मिनिटं गेम चालवून पेस्ट गरम केली, मशीन बंद करून प्लग काढला, मग कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवला.

कार्ड घ्यायचंच नाही असं मी म्हणत नाही. नवे, जड गेम खेळायला लागला की १६५० कमी पडणार. पण ते कार्ड ७५ वॉटचं आहे, पुढचं जास्त खाणार, आणि त्याच्या कॅबिनेटमधली एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारी पेटी, स्थानिक ब्रँडची, ४५० वॉट लिहिलेली, हातात घेतली तर पिसासारखी हलकी. तिच्या भरवशावर महागडं कार्ड लावायला मी तयार नाही. त्यामुळे कार्ड आणि एसएमपीएस एकत्रच येतील, उरलेल्या पैशांत दिवाळीची भिशी मिळवून.

परवा रात्री अकराला त्याचा मेसेज आला. स्टॅट्सच्या खिडकीचा फोटो, दोन तासांची स्ट्रीम, तिन्ही ओळींवर शून्य. खाली लिहिलं होतं, "मामा, आता माइकचा आवाज घुमतोय म्हणतात सगळे." त्याला सांगितलं, आधी मागच्या भिंतीला गोधडी लाव आणि मला रेकॉर्डिंग पाठव.