पट कमी म्हणून शाळाच नको म्हणणारे उमेदवार

महापालिकेच्या निवडणुकीला आमच्या प्रभागातून उभ्या असलेल्या एका उमेदवाराची कोपरा सभा परवा झाली आणि तीत त्यांनी वीस मिनिटे शिक्षण या विषयावर भाषण केले. एरवी गटार, पाणी आणि पार्किंग यांपलीकडे कोणी जात नाही, म्हणून मी हातातले काम टाकून ऐकायला गेलो. माझी मुलगी महापालिकेच्याच शाळेत चौथीत आहे आणि त्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मी दोन वर्षांपासून पालक सदस्य आहे. परतलो तेव्हा डोके इतके तापले होते की जेवणही धड गेले नाही.

त्यांचे म्हणणे असे की, महापालिकेच्या शाळांत पट उरलेला नाही, तिथले शिक्षक फुकटचा पगार घेतात, तेव्हा कमी पटाच्या शाळा एकमेकींत मिसळून टाकाव्यात, मोकळ्या झालेल्या इमारती ‘नामांकित संस्थांना’ चालवायला द्याव्यात आणि करदात्याचा पैसा वाचवावा. यावर जोरदार टाळ्या पडल्या. त्या वाजवणाऱ्यांतल्या एकाचेही मूल आमच्या शाळेत नाही, हे मी हजेरीपट पाहूनच सांगू शकतो.

पट का घसरला, हा प्रश्न मात्र त्यांना वीस मिनिटांत एकदाही पडला नाही. आमच्या शाळेत पहिली ते पाचवी मिळून ८७ मुले आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे ६१ ते ९० मुलांमागे तीन शिक्षक, म्हणजे पाच इयत्तांना मुळातच तीन. त्यांतले एक पद गेल्या वर्षीच्या सेवानिवृत्तीनंतर रिकामेच आहे. उरलेल्या दोन बाई पाच वर्ग सांभाळतात. एका वर्गात पाढे चालू असतात तेव्हा शेजारच्या दोन वर्गांत गोंधळ चालू असतो. हे पाहून ज्याला थोडेफार परवडते तो पालक मूल काढून खासगी शाळेत घालतो. असा गळत गळत पट साठावर आला की मंजूर पदेच दोन होतात, मग आणखी पालक जातात. आधी शिक्षक द्यायचे नाहीत, मग मुले गेली म्हणून शाळेला दोष द्यायचा आणि शेवटी मुले नाहीत म्हणून शाळाच नको म्हणायचे, याला हे महाशय धोरण म्हणतात.

शाळा ‘मिसळायच्या’ म्हणजे काय करायचे, तेही त्यांनी सांगितले नाही. पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा मिळाली पाहिजे, असा राज्याचा नियम आहे. दुसरी पालिका शाळा कागदावर त्या अंतरात बसेलही, पण मध्ये चौपदरी रस्ता आहे आणि सहा वर्षांच्या पोराला तो ओलांडून द्यायला, सकाळी सातलाच कामावर जाणारी आई थांबू शकत नाही. ते पोर मुलगी असेल तर धाकट्या भावाला सांभाळायला घरीच राहील.

शिक्षकांच्या फुकटच्या पगाराबद्दल तर बोलावे तितके थोडे आहे. जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका या कामांना शिक्षक जुंपण्याची मुभा शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ देते, आणि ती पुरेपूर वापरली जाते. मतदार यादीच्या कामासाठी आमच्या दोनपैकी एक बाई कित्येक दिवस दारोदार फिरत होत्या. उरलेल्या वेळात यू-डायस या शाळांच्या सरकारी नोंदप्रणालीत माहिती भरणे आणि शालेय पोषण आहाराचा हिशेब होताच. या उमेदवारांचे नाव ज्या यादीत आहे ती ज्यांनी तपासली, त्यांनाच हे भर सभेत कामचुकार म्हणाले.

खरा कहर पुढेच झाला. खासगी शाळांतल्या २५ टक्के मोफत प्रवेशांवर बोलताना ते म्हणाले की, जवळ सरकारी शाळा असताना गरिबाला खासगी शाळेत पाठवून तिचे शुल्क शासनाने का भरावे. राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये नेमकी हीच पळवाट काढली होती आणि मुंबई उच्च न्यायालयाने ती त्याच वर्षीच्या जुलैत रद्द केली, हे त्यांना माहीत नसेल असे क्षणभर मानू. पण जवळची सरकारी शाळा बंद करा, असे दहाच मिनिटांपूर्वी तेच सांगत होते! म्हणजे सरकारी शाळा आहे म्हणून खासगीत जायचे नाही आणि सरकारी शाळा तर राहणारच नाही. मग त्या पोराने जायचे कुठे?

भाषणाची सुरुवात अर्थातच फुले, शाहू, आंबेडकरांना वंदन करून झाली होती. रयतेच्या घामाचा पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावर उधळला जातो, अशी तक्रार जोतीरावांनी १८८२ साली इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे केली होती आणि निदान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणीही. त्यांचे नाव घेऊन करदात्याच्या पैशाचा हिशेब गरिबाच्या शाळेकडे मागायचा, याला निबरपणाच लागतो.

‘पालकांना कारभारात सहभागी करून घेणारी समिती’ ही या उमेदवारांची नवी कल्पना. ती समिती, म्हणजेच शाळा व्यवस्थापन समिती, २०१० पासून कायद्याने बंधनकारक आहे, तीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला लागतात, आणि तिचा एक सदस्य त्यांच्यासमोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून दातओठ खात होता. नगरसेवकाच्या हातात खरोखर जे असते, म्हणजे अंदाजपत्रकात शाळेसाठी तरतूद मागणे, रिकाम्या पदाबद्दल सभागृहात आयुक्तांना जाब विचारणे, मुलींच्या स्वच्छतागृहाला दार आणि पाणी मिळवून देणे, त्यातले अवाक्षरही भाषणात नव्हते.

सभा संपल्यावर मी पुढे जाऊन विचारले, “साहेब, आमच्या शाळेतलं तिसरं पद कधी भरलं जाईल, त्याचा पाठपुरावा कराल का?” त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, “तुम्ही कुणाची माणसं?” असे विचारले आणि उत्तराची वाट न पाहता एका कार्यकर्त्याला माझा नंबर लिहून घ्यायला सांगितले.

काल त्या कार्यकर्त्याचा फोन आला. आचारसंहिता संपली की साहेबांचा फोटो असलेल्या वह्या शाळेत वाटायच्या आहेत, तर किती छापायच्या, असे तो विचारत होता. मी ८७ म्हणालो.

“एवढीच?” म्हणून त्याने फोन ठेवला.