जंगल सरकारचं, राबायचं कुणी?

विषय निघाला ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलातल्या बाटल्यांवरून. प्राजक्ता रविवारी तिच्या ग्रुपबरोबर ओढ्याकाठची काच वेचून आली होती, बोटाला पट्टी. ती बघूनच सुन्या सुटला.

"फुकट राबता तुम्ही. जंगल वनखात्याचं, पगार त्यांना. उद्या भरतीच करणार नाहीत. म्हणतील, आहेत की पोरं!"

"मग काच तशीच राहू दे?"

"राहू दे. बोंब तरी होईल."

मंद्याने थेट २००४ काढलं. त्या वर्षी बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवती (येऊर त्याचाच भाग) बिबट्यांनी एकामागून एक माणसं मारली. बोंब काय कमी झाली? पिंजरे लागले, बिबटे उचलले, दुखणं राहिलंच. मग २०११ मध्ये वनखात्याने अभ्यासक आणि स्वयंसेवक यांना हाताशी धरून 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' सुरू केलं; एसजीएनपी म्हणजे हेच उद्यान. ही माणसं वस्त्या, शाळा, पोलीस, पत्रकार सगळ्यांना तेच तेच सांगत फिरली. बिबट्या दिसला म्हणजे हल्ला झाला नाही. कचरा उचला, कारण कचऱ्यामागे कुत्री येतात नि कुत्र्यांमागे तो. "हे गार्डने कधी करायचं? गस्त सोडून?"

"बोलायला काय जातंय," सुन्या.

"नुसतं बोलणं नाही," प्राजक्ता तापली. बिबटे मोजायला पायवाटेच्या दोन्ही बाजूंना, गुडघ्याइतक्या उंचीवर, समोरासमोर कॅमेरे बांधायचे. कारण बिबट्याच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे ठिपके वेगळे असतात. एकच बाजू मिळाली तर एक जनावर दोनदा मोजलं जातं. अशाच कॅमेऱ्यांवरून २०१५ च्या अभ्यासात उद्यान आणि आसपास मिळून ३५ बिबट्यांचा आकडा आला.

भाऊकाका इतका वेळ गप्प होते. वनरक्षक म्हणून निवृत्त झालेला माणूस. "पोरं चांगली असतात," ते म्हणाले, "पण जाळरेषा काढायला एक येत नाही." उन्हाळ्याआधी वाळलं गवत कापून पट्टा मोकळा करायचा, मग पहारा ठेवून तो जाळायचा, म्हणजे वणवा पुढे सरकत नाही. धूर, घाम, खाज. "उद्यानात बिबट्या दत्तक मिळतो, पिंजऱ्यावर नावाची पाटी लागते. जाळरेषेला पाटी कुठे लावणार?"

हे मला पटलं. हौसेची कामं भरून निघतात, कंटाळ्याची पडून राहतात.

मंद्याने कोकण किनाऱ्यावरचं वेळास गाव पुढे केलं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये तिथे कासवांची अंडी राखायला घेतली, गावातली पोरं तयार केली, पुढे कासव महोत्सव, घरोघरी पाहुणे; आता गाव आणि वनखातं बघतं. माझ्या मते संस्था अशीच असावी, मागे सरता येणारी.

"वेळासला गावाच्या हाती पैसा आला," सुन्या म्हणाला. "येऊरच्या पाड्यांना काय मिळालं? घोडबंदरच्या टॉवरमधून येऊन तुम्ही आदिवासींना जंगल शिकवता!"

प्राजक्ता काहीच बोलली नाही. भाऊकाकांनीच भर घातली, की जाळरेषेवर रोजंदारीला असतात ते बहुतेक पाड्यातलेच.

"मग त्यांची मजुरी वेळेवर निघते का, ते माहितीच्या अधिकारात विचारा ना," सुन्या म्हणाला. "बाटल्या काय, पुढच्या रविवारी परत येतील."

"अर्ज मी लिहिते," प्राजक्ता म्हणाली. "सही तू कर."

सुन्या म्हणाला, बघू.