आंतरक्रिया करा, पण कुणाला बोलू देऊ नका

बी.एड. कॉलेजात नव्याने रुजू झालात? अभिनंदन. भावी शिक्षकांना प्रकल्प करवून घ्यायला शिकवायचे, तेही आंतरक्रियात्मक पद्धतीने. घाबरू नका. फळ्यावर 'आंतरक्रियात्मक अध्यापनाचे फायदे' लिहा आणि दहा मुद्दे सावकाश उतरवून द्या. कुणी हात वर केलाच तर 'शंका शेवटी' म्हणा. शेवटी बेल होते.

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ किलपॅट्रिक सांगायलाच हवा. त्याने १९१८ साली प्रकल्प पद्धतीवर निबंध लिहिला. हेतू, नियोजन, कार्यवाही, मूल्यमापन या चार पायऱ्या परीक्षेला हमखास. हेतू मुलांचा स्वतःचा असावा हा त्याचा आग्रह पाच गुणांच्या उत्तरात मावत नाही, गाळा.

गटकार्य घ्याच. सहा जणांत एक मुलगी लिहिते (अक्षर चांगले!), बाकीचे पाच जण एरंडोलची एसटी चुकेल म्हणून घड्याळ बघतात. बाक गोलात लावा, फोटो काढा, बाक परत ओळीत. फोटो नॅकच्या, म्हणजे कॉलेजला श्रेणी देणाऱ्या समितीच्या, फाईलला लागतो.

विषय मात्र सांभाळून द्या. पांझरा नदीकाठचा एखादा छात्राध्यापक म्हणेल, 'सर, आमच्याकडच्या सिंचनाच्या फड पद्धतीवर करू का?' तिथेच रोखा. बंधाऱ्याचे पाणी, एका फडात एकच पीक, पाटकऱ्याने द्यायची पाळी, हे सगळे गावकऱ्यांनी आपसांत ठरवून पिढ्यान् पिढ्या चालवलेले. पोरे पाटावर गेली तर विचारतील, मोजतील, भांडतील. गणित, भूगोल, नागरिकशास्त्र एकाच दुपारी अंगावर येईल. ते कुठल्या तासिकेत दाखवणार? शिवाय पाटकरी अहिराणीत बोलणार. आपली निम्मी मुले घरी तेच बोलतात, पण अहवाल प्रमाण भाषेतच हवा. त्यापेक्षा 'पर्यावरणाचे महत्त्व' द्या. थर्माकोल त्यालाही लागतोच.

साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरला शिकवत होते, वसतिगृहात मुलांमध्येच राहत. हे शिक्षक दिनाच्या भाषणात सांगा. वेळापत्रकात नको.

मग दुसऱ्या वर्षाची सोळा आठवड्यांची आंतरवासिता, म्हणजे शाळेत जाऊन शिकवण्याचा सराव. तुमचा विद्यार्थी रावेरकडच्या शाळेत केळीचा तक्ता लावून उभा. सातवीतले पोर उठते: 'सर, आमच्या बागेत करपा आलाय. पान आणून दाखवू?' पाठ टाचणात हा प्रश्न नाही. 'शाब्बास, बस खाली' एवढे त्याला आधीच पाठ करून द्या.

राहिला अहवाल. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे सगळे विषय तयार असतात, स्पायरल बाइंडिंगसकट. एका पठ्ठ्याने हळूच विचारलेही होते, 'सर, हाई कोन वाचस?' प्रश्न रास्त होता, म्हणून मी रागावलो. नाव आणि हजेरी क्रमांक बदलून घ्या, आभाराचे पानही एकदा बघा. गेल्या वर्षी नंदुरबारकडच्या एका अविवाहित मुलाने 'माझे यजमान व सासूबाई यांच्या मोलाच्या सहकार्याबद्दल' मनापासून आभार मानले होते.

त्याला ए ग्रेड मिळाली. सही माझीच आहे.